प्रेमचंद रायचंद : समुद्रावर मांडलेला व्यापार

१८६४ साली मुंबईत बॅकबे रिक्लेमेशन कंपनीच्या ४०० शेअरांचा जाहीर लिलाव झाला. हे शेअर सरकारसाठी राखून ठेवलेले होते. परंतु मुंबई सरकारने खासगी कंपनीत भागीदार व्हावे हे वरिष्ठ सरकारला मान्य झाले नाही आणि कंपनीने ते बाजारात आणले. लिलावात सुमारे १ कोटी ६ लाख रुपये जमले. त्या काळी मुंबईत चांगल्या कारकुनाचा पगार महिना वीस-पंचवीस रुपयांच्या घरात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचा अंदाज येतो. आणि ज्या जमिनीच्या आशेवर ही रक्कम मोजली गेली ती जमीन त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. तिच्या जागी भरती-ओहोटीचे पाणी होते. मलबार टेकडीच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंत ते पाणी हटवून तेथे भराव घालायचा, बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला त्यातून मार्ग द्यायचा आणि उरलेल्या भूमीवर समुद्रासमोरच्या निवासांचे भूखंड पाडून विकायचे, असा तो बेत होता. या शेअरांच्या वाटपामागे आणि त्यांच्या भावामागे बाजार ज्या एका माणसाचे नाव घेत होता तो त्या वेळी तेहतीस वर्षांचा होता. त्याचे नाव प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेच्या एका जैन कुटुंबात झाला. सुरतेचे वैभव ओसरले होते आणि तेथील व्यापारी एकामागून एक मुंबईची वाट धरीत होते. वडील रायचंद दीपचंद यांनीही तेच केले. मुंबईत आल्यावर मुलाला इंग्रजी शिक्षण मिळाले आणि त्याचे पुढचे सगळे आयुष्य या एका गोष्टीने घडवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. देशी दलालांच्या वर्तुळात इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा पहिला दलाल म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तोवर साहेबाच्या पेढीत सौदा करायचा तर मधे दुभाषा लागे आणि त्या दुभाष्याच्या हाती सौद्याचा निम्मा मर्म जाई. प्रेमचंद यांनी रतनचंद लाला या दलालाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि ते थेट साहेबाच्या टेबलासमोर उभे राहू लागले.

टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली त्या काळी शेअरदलाल जमत. बाजाराला ना इमारत होती ना नियमावली. विश्वास हेच त्याचे भांडवल. प्रेमचंद सौदे टिपून न ठेवता स्मरणात ठेवीत, असे सांगितले जाते. त्यांचा शब्द हीच त्यांची पावती होती. १८६० च्या सुमारास मुंबईत साठच्या आसपास शेअरदलाल होते आणि त्यांच्यात प्रेमचंद यांचे स्थान अग्रभागी होते. तिशी गाठण्यापूर्वीच त्यांनी कापूस, अफू आणि सराफी या तिन्ही व्यवहारांत जम बसवला होता. लिव्हरपूलचे भाव घेऊन येणारी आगबोट बंदरात शिरण्यापूर्वीच लहान होडीतून माणूस धाडून भाव हस्तगत करण्याची त्यांची युक्ती मुंबईच्या बाजारात पुढे कित्येक वर्षे सांगितली जात होती. तारायंत्राचे जाळे विलायतेपर्यंत पोचलेले नसताना दोन-चार तासांची आघाडी म्हणजे लाखोंची उलाढाल होती.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस अडकून पडला. त्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे, म्हणजे प्रामुख्याने मुंबई बंदराकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड आणि धारवाडचा कापूस मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. गाद्या-उशा उसवून त्यातला जुना कापूस गाठींत भरल्याच्या कथा त्याच काळातल्या. नेहमीच्या भावाने जे आले असते त्याहून सुमारे पाच वर्षांत सात कोटी पौंडांहून अधिक रक्कम मुंबईत आली, असा त्या काळाचा हिशेब आहे. एवढा पैसा एका बेटात एकाएकी आला आणि तो गुंतवायला जागा मात्र नव्हती.

जागा नव्हती हे अक्षरशः खरे होते. फोर्टमध्ये पेढ्या आणि गोदामे एकमेकांना चिकटून उभी होती. गिरगाव-भुलेश्वरात चाळी दाटल्या होत्या. १८६४ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. सर बार्टल फ्रिअर या उमद्या आणि घाईच्या गव्हर्नरने फोर्टचे तट पाडायला घेतले होते. आगगाडीला बंदरापर्यंत पोचायचे होते, कापसाला दाबगिरण्या आणि धक्के हवे होते. मुंबईला जमीन हवी होती यात कोणतीही अफवा किंवा भूल नव्हती. सात बेटांचे एक बेट भराव घालूनच झाले होते. आणखी भराव घालणे हे पुढचेच पाऊल होते. नंतर जे घडले त्याला नुसता जुगार म्हणून हसणारे ही गोष्ट विसरतात.

भरावाच्या कंपन्या निघाल्या त्या अशा परिस्थितीत. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ पासून पूर्वेच्या बंदराकडे काम करीत होती. तिच्या पाठोपाठ बॅकबे, फ्रिअर, माझगाव, कुलाबा अशी नावे लावलेल्या कंपन्या आल्या. १८५५ मध्ये मुंबईत विमा सोडला तर नाव घेण्याजोग्या संयुक्त भांडवलाच्या कंपन्या जवळजवळ नव्हत्या. १८६५ च्या जानेवारीत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ भूमी कंपन्या, १६ दाबगिरण्यांच्या कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या झाल्या होत्या. वडाखालचे साठ दलाल दोनशेच्या पुढे गेले.

या आकड्यांत एक गोष्ट नजरेत भरते. भूमी कंपन्या आठ आणि बँका व वित्तसंस्था मिळून सत्तेचाळीस. जमीन निर्माण करणाऱ्यांपेक्षा त्या जमिनीच्या कागदावर पैसे उधार देणारे कितीतरी अधिक होते. प्रेमचंद यांची खरी कर्तबगारी, आणि खरा दोषही, या दुसऱ्या बाजूला होता.

समुद्रात भराव घालण्याचे काम कसे चालते ते पाहिल्याशिवाय या दोषाचे स्वरूप कळत नाही. प्रथम लाटांच्या माऱ्याला टिकेल अशी दगडी भिंत उभारावी लागते. तिच्यासाठी खाणी मिळवायच्या, दगड फोडायचा आणि तो रुळांवरून किंवा पडावांतून आणायचा. भिंतीच्या आत भरणी टाकायची. पावसाळ्याचे चार महिने काम जवळपास बंद. टाकलेली भरणी दबते, खचते, पुन्हा टाकावी लागते. जमीन वर आली तरी ती ताबडतोब विकता येत नाही, कारण रस्ता, गटार, पाणी यांशिवाय कोणी बंगला बांधत नाही. एवढे होईपर्यंत कंपनीला उत्पन्न म्हणून दमडी मिळत नाही आणि खर्च मात्र प्रतिदिनी चालू असतो. शिवाय विलायतेहून आणलेला अभियंता जो अंदाज देतो तो प्रत्यक्षात कधीच पुरत नाही. या धंद्यात पैसा वर्षानुवर्षे अडकून राहतो, ही त्याची प्रकृतीच आहे.

बॅकबेच्या शेअरात जो पैसा आला तो मात्र तीन महिन्यांचा, फार तर सहा महिन्यांचा होता. शेअर घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो जमीन तयार होईपर्यंत बाळगण्यासाठी घेतलाच नव्हता. नव्या कंपनीचे शेअर वाटपात मिळाले की ते हप्ता भरण्यापूर्वीच चढ्या भावाने विकायचे आणि तेवढ्या नफ्यावर दुसऱ्या कंपनीचे मागायचे, असा क्रम होता. वाटपाच्या यादीत नाव येणे म्हणजेच श्रीमंती. म्हणून प्रेमचंद यांच्या दारी सकाळपासून रांग लागे. तीत पागोटेवाले शेठ असत, वकील-डॉक्टर असत आणि साहेब लोकही असत. त्यांच्या चिठ्ठीवर काहींचे आयुष्य पालटले. ज्याला वाटपात शेअर मिळाले नाहीत तो बाजारातून घेई. त्यासाठी तेच शेअर तारण ठेवून बँकेकडून उचल करी. ५,००० रुपये भरणा झालेल्या बॅकबेच्या शेअरचा भाव अखेर ५०,००० च्या घरात गेला.

पाच हजाराच्या शेअरसाठी पन्नास हजार मोजणाऱ्याला आपले नुसते मुद्दल सुटावे असे वाटत असेल, तर कंपनीने तिच्या प्रत्येक रुपयाच्या भरावातून दहा रुपयांची जमीन विकली पाहिजे. तीही अशा शहरात, जेथे त्याच वेळी आणखी सात कंपन्या जमीन तयार करीत आहेत आणि तट पाडून सरकारही एस्प्लनेडवरचे भूखंड विकायला काढीत आहे. हा हिशेब करायला उच्च गणित लागत नव्हते. प्रेमचंद यांच्यासारख्या आकड्यांत वाढलेल्या माणसाने तो मनाशी केला नसेल, हे पटणे कठीण आहे. परंतु भाव चढत असताना दलालाला भावाचा हिशेब पुरतो. जमिनीचा हिशेब तो अभियंत्यावर सोपवतो.

उधारीची व्यवस्था प्रेमचंद यांच्या हाती दोन वाटांनी आली होती. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही त्यांच्या प्रभावाखालची बँक. दुसरी वाट होती खुद्द बँक ऑफ बॉम्बेची. १८४० मध्ये स्थापन झालेली ही बँक सरकारच्या भागीदारीची आणि म्हणून लोकांच्या दृष्टीने सरकारइतकीच भक्कम. तिच्या जुन्या सनदेत शेअरांच्या तारणावर कर्ज देण्यास बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल झाली. बँकेच्या कारभारावर प्रेमचंद यांचे वजन इतके वाढले की त्यांनी शिफारस केलेल्या माणसाला कर्ज नाकारणे अवघड होऊन बसले. कर्जे शेअरांवर दिली गेली, नंतर केवळ सहीवरही दिली गेली. सही करणाऱ्याची पत त्याच्याजवळच्या शेअरांवर, शेअरांचा भाव नव्या खरेदीवर आणि नवी खरेदी पुन्हा बँकेच्या कर्जावर. बॅकबेच्या भिंतीत दगड किती पडले याच्याशी या चक्राचा फारसा संबंध उरला नव्हता.

त्याच काळात वडापासून हाकेच्या अंतरावर एक निराळा प्रयोग चालू होता. टाऊन हॉलसमोरचे कचरा साठलेले जुने मैदान साफ करून तेथे वर्तुळाकार इमारतींचा चौक उभारावा, ही कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फॉर्जेट यांची. नगरपालिकेने ती जागा घेतली, भूखंड पाडले, दर्शनी बाजू एकसारखी ठेवण्याची अट घातली आणि तेजीच्या भावाने ते विकून मोठा नफा मिळवला. घेणारे तेथे बांधणारे होते, जमीन पायाखाली होती आणि पैसे रोख होते. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, ते हेच. तेजीच्या त्याच वर्षांत तटाच्या जागेवरील भूखंड विकून सरकारनेही मोठा निधी उभा केला; आजच्या दक्षिण मुंबईतील अनेक भव्य सार्वजनिक इमारतींची आखणी त्याच निधीच्या भरवशावर झाली. ज्यांच्या हाती तयार जमीन होती त्यांना तेजी फळली. प्रेमचंद ज्या बाजूला उभे होते तेथे तयार जमीन विकायला नव्हती.

अपयशाने प्रत्येक गोष्टीला काळा रंग दिला, म्हणून त्यांच्या दातृत्वाची नोंद येथेच केली पाहिजे. याच तेजीत, १८६४ च्या उत्तरार्धात, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालच्या विद्वत्तेत फार मानाची ठरली. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले जदुनाथ सरकार हे तिचेच एक मानकरी. शाळा, धर्मशाळा आणि विहिरी यांना दिलेल्या देणग्या वेगळ्याच. पैसा कमावण्याची त्यांची घाई आणि पैसा देण्याची घाई यांत फारसा फरक नव्हता.

१८६५ च्या ९ एप्रिलला जनरल ली यांनी शस्त्रे खाली ठेवली. ती बातमी मुंबईला पोचली आणि कापसाचे भाव कोसळू लागले. मे महिन्यात एका बड्या पारशी व्यापाऱ्याने तीन कोटींच्या देण्यावर हात टेकले तेव्हा बाजारात पहिली घबराट पसरली. सगळ्यांचे डोळे १ जुलैकडे लागले. शेअरांचे असंख्य वायदे त्या एका तारखेवर ठरले होते. त्या दिवशी घेणाऱ्याने पैसे मोजून शेअर उचलायचे आणि देणाऱ्याने ते हवाली करायचे. प्रत्येकाची मदार दुसऱ्याकडून येणाऱ्या पैशावर होती आणि तो दुसरा तिसऱ्याकडे पाहत होता. १ जुलै १८६५ उजाडला आणि कोणीच कोणाला काही देऊ शकला नाही. मुंबईचा बाजार एका दिवसात दिवाळखोर ठरला. न्यायालयांत खटल्यांचा एवढा डोंगर साचला की दिवाळखोरीच्या प्रकरणांसाठी सरकारला त्याच वर्षी खास कायदा करावा लागला.

बॅकबेचा ५०,००० चा शेअर २,००० च्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ वर उतरला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान या पुरातून वाचले नाहीत. टाटांची पेढीही त्यात सापडली. प्रेमचंद यांच्या सहभागाने लंडनमध्ये बँक काढण्याच्या बेताने गेलेल्या तरुण जमशेटजींना तेथे धनकोंच्या बैठकांना तोंड द्यावे लागले. ज्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत अशा हजारो कुटुंबांचे दागिने आणि घरे गेली. १८६४ ची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या जनगणनेत ती ६,४४,४०५ भरली. कापसाबरोबर आलेली माणसे कापसाबरोबर परतली होती. समुद्रासमोरच्या निवासांचे भूखंड वेळेवर तयार झाले असते तरी ते घेणार कोण, या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

प्रेमचंद यांनी लगेच हात वर केले नाहीत. वर्षभर ते पेढ्या सावरण्याचा, एकाचे देणे दुसऱ्याकडे वळवण्याचा प्रयत्न करीत राहिले. बँक ऑफ बॉम्बे त्यांना आणखी कर्ज देत राहिली, कारण ते बुडाले तर आपण बुडू अशी तिची स्थिती झाली होती. मोठ्या ऋणकोच्या हाती धनकोची मान जाते हे मुंबईने तेव्हा प्रथम पाहिले. १८६६ च्या मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड-गर्नी ही पेढी बुडाली आणि उरलासुरला आधारही गेला. त्याच वर्षी प्रेमचंद यांचे दिवाळे निघाले. त्यांनी आपली मालमत्ता धनकोंच्या स्वाधीन केली. बँक ऑफ बॉम्बेचे जवळजवळ सगळे भांडवल नाहीसे झाले होते. १८६८ मध्ये ती गुंडाळण्यात आली आणि त्याच नावाची नवी बँक तिच्या जागी आली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने बँकेच्या कारभाराची जी चिरफाड केली तीत प्रेमचंद यांना आणि त्यांच्या शब्दावर दिलेली कर्जे ठळकपणे पुढे आली. आयोगापुढचा मुख्य प्रश्न संचालक आणि अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा होता. एका दलालाला नाही म्हणण्याचे धैर्य बँकेत कोणाला झाले नाही, ही लाज त्यांची होती. तरीही लोकांच्या ठेवींवर आपल्या सौद्यांची इमारत उभी केल्याच्या दोषातून प्रेमचंद यांना सोडवता येत नाही.

आश्चर्य वाटते ते पुढच्या आयुष्याचे. पस्तिसाव्या वर्षी सर्वस्व गेलेला हा माणूस मुंबई सोडून गेला नाही. ज्यांचे पैसे बुडाले ते रोज रस्त्यात भेटत असताना त्याच बाजारात पुन्हा दलाल म्हणून उभे राहणे सोपे नव्हते. परंतु सौदा तोंडी करून पाळण्याची त्यांची ख्याती दिवाळ्यानंतरही पुरती पुसली गेली नव्हती. हळूहळू पेढी पुन्हा चालू लागली. १८७५ मध्ये देशी दलालांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली. आजचा मुंबई शेअर बाजार तिच्यातून वाढला. तिच्या पूर्वेतिहासात प्रेमचंद यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. उत्तरायुष्यात त्यांनी पूर्वीसारखी उडी पुन्हा घेतली नाही. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ते वारले, तेव्हा ते पुन्हा एक सुस्थितीतले, प्रतिष्ठित शेठ होते. परंतु १८६४ चे प्रेमचंद ते नव्हते.

भरावाचे काय झाले? पूर्वेकडची एल्फिन्स्टन कंपनी तुलनेने तरली, कारण तिने खरोखरच जमीन वर काढली होती आणि तिच्या धक्क्यांना जहाजे लागत होती. सरकारने ती विकत घेतली आणि त्या मालमत्तेच्या आधारावर १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. बॅकबे कंपनी मात्र विसर्जित झाली. जेवढी चिंचोळी पट्टी तिने समुद्रातून काढली होती ती सरकारकडे गेली आणि तिच्यावरून बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ कुलाब्याकडे गेले. म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातले रेल्वेला मार्ग देण्याचे वचन तेवढे पुरे झाले. ते पुरे होताना भागधारकांच्या हाती काही उरले नाही, एवढाच फरक.

पुढे पन्नासेक वर्षांनी सरकारनेच त्या कामात हात घातला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १,१४५ एकर भरावाची योजना आखली गेली. या वेळी शेअरबाजार नव्हता, सरकारी खजिना होता, तरीही तेच झाले. अंदाज चुकले, भरणी भिंतीतून निसटून समुद्रात गेली, खर्च कित्येक पटींनी वाढला आणि तेजी ओसरल्यावर भूखंडांना गिऱ्हाईक मिळेना. खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर केलेल्या हल्ल्यांनी १९२० च्या दशकातील मुंबई दणाणली. आठ विभागांपैकी चारच पुरे झाले. मधले चार पाण्यातच राहिले. ते भरून निघाले स्वातंत्र्यानंतर आणि तेथे नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहिले. बॅकबेच्या पहिल्या कंपनीपासून मोजले तर त्या कामाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. जमीन आली, तिला भावही असा आला की १८६४ चे ५०,००० रुपये कोणाला जड वाटू नयेत. पण ज्यांनी तो भाव आधी मोजला होता त्यांच्या नातवंडांनाही त्याचा उपयोग नव्हता.

राजाबाई टॉवरची गोष्ट निराळी. देणगी रोख दिलेली होती आणि ती विद्यापीठाच्या नावे जमा होती, म्हणून दिवाळ्यात ती वाचली. इंग्लंडचे वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई न पाहताच आराखडे धाडले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली, तेव्हा दाता कफल्लक होऊन तीन वर्षे होत आली होती. १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. दृष्टी अधू झालेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ घड्याळाच्या ठोक्यांवरून कळावी म्हणून मुलाने तो बांधविला, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, मुंबईने ती टाकलेली नाही. बांधकामाचा एकूण खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. प्रेमचंद यांचे नाव लागलेल्या बांधकामांपैकी हे एक ठरल्या जागी, ठरल्या उद्देशाने आणि अखेरपर्यंत पुरे झाले.

२०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या समूहाच्या मध्यभागी ओव्हल मैदान आहे. त्याच्या पूर्वेला राजाबाई टॉवर उभा आहे आणि पश्चिमेला, मैदानाच्या पलीकडे, बॅकबेच्या भरावावर १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या घरांची रांग आहे. त्या घरांच्या मागे चर्चगेटपाशी रूळ संपतात. कुलाब्याकडे जाणारा फाटा १९३० च्या अखेरीस बंद झाला.